जुन्या डिझेल गाडीचा ताळेबंद

नागपूरच्या इतवारीत किंवा गांधीबागेत सकाळी दुकानांची शटर वर जात असताना गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या मोटारींवर सहज नजर टाकली, तर बारा-पंधरा वर्षांच्या डिझेल गाड्या हमखास दिसतात. बोनेटचा रंग विदर्भाच्या उन्हाने फिका पडलेला, मागच्या सीटवर कापडाच्या नमुन्यांचे गठ्ठे किंवा खातेवह्यांची पिशवी, आणि सेल्फ मारल्यावर क्षणभर विचार करून मग खडखडणारे इंजिन. या गाड्या एकाच काळात इतक्या घरांत कशा आल्या, याचे उत्तर इंधनाच्या दरांत सापडते. जून २०१० मध्ये केंद्र सरकारने पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त केले. डिझेलचे दर मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत सरकारच्या हातात राहिले. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपयांवर गेले होते आणि डिझेल ४१ रुपयांच्या आत होते. लिटरमागे बत्तीस रुपयांचा फरक आणि वर मायलेज जास्त, हे गणित व्यापारी घराला कोणी समजावून सांगावे लागले नाही. गाडीची किंमत लाखभर अधिक असली तरी वर्ध्याची, अमरावतीची, चंद्रपूरची वसुली करून ती दोन-तीन वर्षांत भरून निघत असे.

आज पेट्रोल-डिझेलमधील अंतर त्या काळाच्या निम्म्यावरही राहिलेले नाही. त्या लाटेत घेतलेल्या गाड्या एकापाठोपाठ एक पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावर येत आहेत, आणि त्याच सुमारास त्यांचे क्लच, नोझल, सस्पेन्शन आणि एसीही कुरकुरू लागले आहेत. मेकॅनिक कागदावर नव्वद हजारांचा अंदाज लिहून देतो आणि रात्रीच्या जेवणाआधी घरात चर्चा सुरू होते. मुलगा म्हणतो, ‘काका, आता विकून टाकू.’ काकांचे उत्तर ठरलेले असते : ‘इंजिनला अजून हातसुद्धा लागलेला नाही.’ दोघांचेही म्हणणे अर्धे खरे असते.

या चर्चेत बहुतेक वेळा पहिला प्रश्नच चुकीचा विचारला जातो. ‘गाडी विकली तर सव्वा लाख येतील, मग तिच्यावर नव्वद हजार कशाला घालायचे?’ वरवर पाहता हा तर्क बिनतोड वाटतो. विमा कंपन्यांचा नियमही असाच आहे. अपघातानंतर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर कंपनी गाडी दुरुस्त करीत बसत नाही; ती संपूर्ण नुकसान धरून रक्कम देते आणि मोकळी होते. परंतु ‘मोकळी होते’ हेच येथे महत्त्वाचे आहे. रक्कम दिली की विमा कंपनीचा त्या गाडीशी संबंध संपतो. मालकाला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात जायचे असते, आठवड्यात एकदा कळमन्याला, महिन्यातून एकदा वर्ध्याला आणि चातुर्मासात घरातील वडीलधाऱ्यांना घेऊन रामटेकच्या शांतिनाथ मंदिरात किंवा भद्रावतीला जायचे असते. जुनी गाडी गेली तरी गाडीची गरज जात नाही. म्हणून दुरुस्तीच्या खर्चाची तुलना जुन्या गाडीच्या विक्रीमूल्याशी करून निर्णय लागत नाही. ती करायला हवी, दुसरी कोणतीही सोय केल्यास येणाऱ्या वार्षिक खर्चाशी.

दुसरी चूक याच्या अगदी उलट दिशेची आहे. ‘गेल्या वर्षीच टर्बोला आणि टायरना साठ हजार घातले, आता कशी सोडायची?’ गेल्या वर्षीचे साठ हजार गेले. गाडी ठेवली तरी ते परत येणार नाहीत आणि विकली तरी नाहीत. बँकेच्या कर्जखात्यांत याच चुकीचे मोठे रूप पाहायला मिळते. थकलेले खाते सावरावे म्हणून त्यालाच आणखी कर्ज दिले जाते, कारण आधी दिलेले बुडाले असे मान्य करणे कोणाच्याही जिवावर येते. गाडीच्या बाबतीत एवढेच पाहायचे, की आज ती ज्या स्थितीत आहे त्या स्थितीपासून पुढच्या तीन वर्षांत ती किती खाईल.

हे सांगण्यासाठी आधी गाडीची स्थिती नीट कळली पाहिजे, आणि नव्वद हजारांचा अंदाज पुष्कळदा नुसत्या कानाने ऐकून दिलेला असतो. डिझेल इंजिनाची खरी प्रकृती काही सोप्या तपासण्यांनी समजते. इंजिन चालू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण काढावे. तेथून धुराचा जोर जाणवला, तर नागपूरचे मेकॅनिक त्याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. पिस्टनच्या रिंग झिजून सिलिंडरमधील दाब खाली उतरत असल्याची ती खूण असते. खात्रीसाठी प्रत्येक सिलिंडरचा दाब यंत्र लावून मोजता येतो. चारही आकडे जवळजवळ सारखे आले तर इंजिन निरोगी. एक-दोन बरेच खाली असतील, तर हेड उघडण्याची आणि कदाचित संपूर्ण इंजिन बांधण्याची तयारी ठेवावी लागते. धुराचा रंगही बोलतो. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही; नोझल, हवेची गळती किंवा काजळीने भरलेला ईजीआर व्हॉल्व्ह यांपैकी काहीतरी. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. रिंग किंवा टर्बो. पांढरा धूर थंड इंजिनात थोडा वेळ चालतो; इंजिन तापल्यावरही तो राहिला आणि रेडिएटरमधले पाणी कमी होत गेले, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी.

कॉमन रेल इंजिनात डिझेल हजार बारहून अधिक दाबाने नोझलमधून फवारले जाते. इतक्या दाबाला डिझेलमधील पाण्याचा अंश किंवा धुळीचा बारीक कणही पुरेसा असतो. बाहेरचा नोझल दुरुस्त करणारा तंत्रज्ञ प्रत्येक नोझल काढून यंत्रावर तपासून देतो. ते न करता चारही नोझल बदला असे कोणी म्हणत असेल तर दुसऱ्याला विचारावे. क्लच, सस्पेन्शनचे बुश, लोअर आर्म, बॅटरी, सेल्फ हे सगळे झिजणारे भाग आहेत. ते बदलणे म्हणजे गाडी संपली असे नव्हे. टायमिंगची गोष्ट वेगळी. काही इंजिनांत त्यासाठी बेल्ट असतो आणि तो ठरलेल्या किलोमीटरला न बदलता तुटला, तर व्हॉल्व्ह वाकून नव्या इंजिनाएवढा खर्च उभा राहतो. स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत अनेक गाड्यांत गेलेल्या फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट इंजिनात बेल्टऐवजी चेन आहे. हे १,२४८ सीसीचे इंजिन आपल्याकडे पुण्याजवळच्या रांजणगावला आणि हरियाणातील मानेसरला तयार होत असे, आणि इतक्या वेगवेगळ्या कंपन्यांनी ते वापरले की त्याला गमतीने भारताचे राष्ट्रीय इंजिन म्हटले जाई. त्याचे सुटे भाग आणि ते उघडून पाहिलेले कारागीर अजून सहज मिळतात. उलट ज्या कंपन्यांनी भारतातील विक्री थांबवली, जसे शेवरोले ब्रँडने २०१७ च्या अखेरीस आणि फोर्डने २०२१ मध्ये उत्पादन थांबवण्याची घोषणा करून, त्यांच्या गाडीसाठी दुरुस्तीचा अंदाज घेताना ‘भाग किती दिवसांत येईल?’ हा प्रश्न ‘कितीला येईल?’ याच्याही आधी विचारावा.

नागपूरकरांना एक सोय आहे, जी पुण्या-नाशिककरांना नाही. मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांवर गेला असता दुपारी दोन वाजता एसी लावून गाडी अर्धा तास वाहतुकीत चालवली, की रेडिएटर, त्याचा पंखा, रबरी नळ्या आणि कॉम्प्रेसर यांची एकाच फेरीत परीक्षा होते. तापमानाचा काटा मध्यावर स्थिर राहिला तर ही बाजू ठीक. जानेवारीत घेतलेली गाडी मे महिन्यात भलतीच निघते, हा अनुभव या शहरात नवा नाही.

आता आकडे. समजा, इतवारीतील एखाद्या किराणा व्यापाऱ्याकडे २०११ ची डिझेल गाडी आहे. ती वर्षाला ८,००० किलोमीटर चालते. आहे त्या स्थितीत तिचे १,२०,००० रुपये येतील. दुरुस्तीचा अंदाज ९०,००० रुपये, आणि त्यानंतर ती तीन वर्षे चालेल असे धरले. दुरुस्तीचे वर्षाला ३०,००० रुपये, नेहमीची सर्व्हिसिंग आणि अचानक निघणारी कामे २५,०००, विमा ६,०००, नोंदणी नूतनीकरण आणि पर्यावरण कर मिळून पाच वर्षांचे सुमारे दहा हजार, म्हणजे वर्षाचे २,०००. तीन वर्षांनी गाडीचे साठ हजार येतील असे मानल्यास घसारा वर्षाला २०,०००. गाडीत अडकलेल्या १,२०,००० वर आणि दुरुस्तीच्या ९०,००० वर सात टक्क्यांनी व्याज १४,७००. सगळी बेरीज ९७,७०० रुपये. लिटरला १६ किलोमीटर आणि डिझेल ९१ रुपये धरून इंधनाचे ४५,५०० मिळवले, की वर्षाचा एकूण खर्च १,४३,२०० रुपये होतो. किलोमीटरला जवळपास १८ रुपये.

नवी छोटी पेट्रोल गाडी रस्त्यावर येईपर्यंत ९ लाखांना पडते आणि तीन वर्षांनी तिचे ५ लाख ४० हजार येतात असे धरू. घसारा १,२०,०००, व्याज ६३,०००, विमा २५,०००, सर्व्हिसिंग ८,००० आणि १०४ रुपये दराने पेट्रोल ५२,०००. एकूण २,६८,००० रुपये; किलोमीटरला साडेतेहेतीस. म्हणजे जुनी गाडी दुरुस्त करणे वर्षाला सव्वा लाखाने स्वस्त पडते. दुरुस्तीचा अंदाज दुप्पट झाला तरी निकाल बदलत नाही. येथे काकांचा विजय झाला असे वाटेल.

परंतु जुन्या गाडीची खरी स्पर्धक शोरूममध्ये उभी नसते. ती असते कोणीतरी नीट वापरलेली, चार-पाच वर्षांची पेट्रोल गाडी. ती ५ लाखांना घेतली आणि तीन वर्षांनी साडेतीन लाखांना विकली, तर घसारा ५०,०००, व्याज ३५,०००, विमा १४,०००, सर्व्हिसिंग १८,००० आणि इंधन तेवढेच ५२,०००; एकूण १,६९,००० रुपये. जुन्या डिझेलपेक्षा वर्षाला फक्त २५,८०० रुपये अधिक. दुरुस्तीचा अंदाज नव्वद हजारांऐवजी दीड लाखाच्या थोडा पुढे गेला, की हा फरकही पुसला जातो. प्रत्येक घराचे आकडे निराळे असतील. हा आराखडा मात्र वहीच्या एका पानावर मांडता येतो आणि त्यातील कोणता आकडा निर्णय फिरवतो हे लगेच दिसते. व्यापाऱ्याच्या बाबतीत व्याजाचा दर सात टक्के धरणे खरे तर सौम्य आहे. जो पैसा मालात फिरून वर्षाला बारा टक्के मिळवतो, त्याची किंमत बारा टक्केच धरली पाहिजे. आणि तशी धरली की पाच लाखांची गाडी जुन्या गाडीपेक्षा वर्षाला चाळीस हजारांनी महाग पडते.

मग प्रश्न उरतो तो या पंचवीस ते चाळीस हजारांत काय मिळते याचा. त्याचे उत्तर गाडीच्या स्टिअरिंगकडे पाहून मिळते. भारतात चालकासाठी एअरबॅग सर्व नव्या गाड्यांना २०१९ मध्ये सक्तीची झाली, पुढच्या प्रवाशासाठी २०२२ पासून. २०११ च्या बहुतेक साध्या डिझेल मॉडेलांत दोन्ही नाहीत आणि एबीएसही नाही. शहरात तीस-चाळीसच्या वेगाने दुकानापर्यंत जाणाऱ्या गाडीला हा उणेपणा कदाचित पेलवेल. पण ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला संपूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता मुंबईच्या दिशेने खुला झाला. आता शेगावला, शिर्डीला, संभाजीनगरला जाणारी कुटुंबे त्याच रस्त्याने जातात. हलक्या वाहनांची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर, खाली सलग काँक्रीट, वर एप्रिलचे ऊन. या रस्त्यावर टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर प्रवेशद्वारांवर टायर तपासण्याची मोहीम घ्यावी लागली. मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी असा नियम आहे. परंतु सहा-सात वर्षांचा टायर नक्षी शिल्लक असूनही आतून कडक झालेला असतो. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो, त्यातील पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. आजी-आजोबा आणि नातवंडे ज्या गाडीत बसतात, तिच्यातील हे चार आकडे वाचायला अर्धा मिनिट लागतो.

आणखी एक गोष्ट कोणत्याही बेरजेला जुमानत नाही : गंज. नागपूरची हवा कोरडी असल्यामुळे येथील गाड्या मुंबई-कोकणाच्या गाड्यांपेक्षा कमी गंजतात, हे खरे. तरीही गाडी लिफ्टवर चढवून खालचा पत्रा, दाराखालची पट्टी आणि सस्पेन्शन जेथे बॉडीला जोडलेले असते ती जागा पाहावी. तेथे स्क्रूड्रायव्हरचे टोक रुतत असेल तर नव्वद हजारांची दुरुस्ती करू नये, इंजिन कितीही गोड वाजत असले तरी. वर्षाला वीस-पंचवीस हजार किलोमीटर फिरणाऱ्या व्यापाऱ्याचेही गणित निराळे. यवतमाळच्या रस्त्यावर गाडी बंद पडून गेलेला एक दिवस, एक बुडालेली वसुली हे ‘अचानक निघणाऱ्या कामां’च्या पंचवीस हजारांत मावत नाही. अशा माणसाने जुनी गाडी शहरासाठी ठेवावी आणि बाहेरगावासाठी वेगळी सोय पाहावी. येथे एक धोक्याची सूचना : शहरातच फिरणाऱ्याने जुने डिझेल विकून नवे डिझेल घेण्याची घाई करू नये. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि तो स्वच्छ होण्यासाठी अधूनमधून मोठ्या वेगाने सलग धावावे लागते. दोन किलोमीटरवरच्या दुकानापर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीत तो तुंबतो. जुने पेट्रोल वाहन घेणाऱ्याने पंपावर मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला ती गाडी चालेल का, हे कंपनीच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे.

आता कायद्याची बाजू, कारण याबाबत नागपुरात गैरसमज फार आहेत. ‘दहा वर्षांनी डिझेल गाडी बंद’ हे वाक्य चहाच्या टपरीपासून विवाहाच्या पंगतीपर्यंत ऐकू येते. तो नियम दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरता आहे. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये तसा आदेश दिला, ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला, आणि त्यानंतरही तेथील वाद न्यायालयात चालत राहिले. महाराष्ट्रात वयाच्या नुसत्या आकड्यावर खासगी डिझेल मोटार रस्त्यावरून उतरत नाही. मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे टिकते आणि त्यापुढे दर वेळी ५ वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. त्यासाठी मुदत संपण्याच्या आधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरून गाडी तपासणीसाठी न्यावी लागते. एमएच ३१ ची गाडी असेल तर अमरावती रोडवरील गिरीपेठच्या कार्यालयात, पूर्व नागपूरची एमएच ४९ असेल तर तेथील स्वतंत्र कार्यालयात. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीचे नूतनीकरण शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आहे, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांपुढच्या गाडीसाठी ते १०,००० केले. उशीर झाल्यास दरमहा ५०० रुपये वेगळे. राज्याचा पर्यावरण कर त्याशिवाय. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट हवी, तिचा दर चारचाकीसाठी ७४५ रुपये अधिक जीएसटी.

तपासणीत आणि पीयूसीत डिझेल गाडी अडते ती धुरावर. बीएस-४ पूर्वीच्या गाडीला धुराच्या घनतेची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक आहे, बीएस-४ ला ५०. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ मानके फक्त १३ शहरांत लागू झाली. महाराष्ट्रातून त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर होते, नागपूर नव्हते. त्यामुळे आपली २०११ ची गाडी नेमकी कोणत्या मानकाची आहे, हे गृहीत न धरता कागद पाहून ठरवावे. काळा धूर फेकणाऱ्या गाडीला कसेबसे प्रमाणपत्र मिळवून देणारे लोक असतात. ते मिळवणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला आहे, आणि इतवारीच्या अरुंद गल्लीत तो धूर प्रथम आपल्याच दुकानात शिरतो.

म्हणून मोठ्या दुरुस्तीचा निर्णय नोंदणी संपण्याच्या तारखेशी जोडून घ्यावा. चौदा वर्षे पूर्ण झालेल्या गाडीवर आज नव्वद हजार घालून पुढच्या वर्षी ती गंजामुळे किंवा धुरामुळे तपासणीत अडली, तर सगळे व्यर्थ. आधी लिफ्टवरची तपासणी, मग धुराची, आणि त्यानंतर क्लच-नोझलचा खर्च, हा क्रम ठेवावा.

गाडी फर्मच्या नावावर असेल तर वहीतील बाजूही पाहावी लागते. आयकरात मोटारीवर घटत्या शिल्लक पद्धतीने १५ टक्के घसारा मिळतो. ८ लाखांना घेतलेली गाडी पंधरा वर्षांनी वहीत सुमारे ७०,००० रुपयांची उरते. ती १,२०,००० ला विकली तर वरच्या ५०,००० रुपयांवर नोंदणीकृत व्यापाऱ्याला जानेवारी २०२५ पासूनच्या दराने १८ टक्के, म्हणजे ९,००० रुपये जीएसटी द्यावा लागतो. वहीतील किमतीपेक्षा कमी भावात विकली तर हा कर नाही. दुरुस्तीच्या बिलावरील जीएसटीचे इनपुट क्रेडिट अशा प्रवासी गाडीसाठी मिळत नाही; त्यामुळे अंदाज विचारताना कर धरूनच आकडा घ्यावा. मात्र व्यवसायासाठी वापर असेल त्या प्रमाणात दुरुस्तीचा खर्च त्याच वर्षी पूर्ण वजा होतो, तर नव्या गाडीच्या किमतीचे वर्षाला १५ टक्केच. मुलाच्या हट्टापायी मार्चअखेरीस ‘कर वाचेल’ म्हणून गाडी घेणाऱ्यांनी हा आकडा आपल्या सनदी लेखापालाकडून एकदा मांडून घ्यावा.

आणि गाडी ठेवायची नाही असे ठरले तर? भंगारात द्यायची असल्यास नोंदणीकृत केंद्रातच द्यावी. ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेल्या धोरणानुसार तेथे ठेव प्रमाणपत्र मिळते. नव्या गाडीचे नोंदणी शुल्क त्यावर माफ होते आणि खासगी वाहनाच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यांना आहे. भंगाराचे मूल्य नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के मिळावे असे धोरणात धरले होते. चालत्या गाडीला बाजारात त्याहून बरेच अधिक मिळते, हे येथे स्पष्टच आहे. पण बाजारात विकताना व्यापारी माणूस शब्दावर विश्वास ठेवतो आणि किल्ली देऊन टाकतो, हीच चूक महाग पडते. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले, की नोंदणी पुस्तकावर ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. गाडी चार हातांतून फिरली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. त्या गाडीचा विमा संपलेला असेल तर भरपाईची रक्कम थेट या माजी मालकाच्या दारात येऊ शकते. म्हणून फॉर्म २९ आणि ३० वर खरेदीदाराची सही, त्याच्या ओळखपत्राची प्रत आणि राज्यातल्या राज्यात विक्री असल्यास चौदा दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवल्याची पोच, एवढे कागद हाती आल्यावरच दुसरी किल्ली द्यावी, आणि ऑनलाइन नोंदीत नाव बदललेले दिसेपर्यंत त्या कागदांची फाइल दुकानाच्या तिजोरीत ठेवावी.